पार्ट बदलला नाही

खुटवडकाका आले ते गाडी बंद न करताच.
म्हणाले, ऐक आधी.
चाळीसच्या पुढं गेली की अडखळते.
गिअर टाकते, काढते, परत टाकते,
नव्या कंडक्टरनं डबल बेल देऊन
लगेच सिंगल मारावी, तसं.

बाणेरच्या शोरूमनं कागद दिला होता:
गिअरबॉक्स असेंब्ली, एक लाख ब्याऐंशी हजार.
काकांनी तो चार घड्या करून
शर्टाच्या खिशात, पास ठेवावा तसा ठेवलेला.

इंजिन गरम, गाडी सपाटीवर, लिव्हर पी-ला.
डिपस्टिक ओढली, पांढऱ्या फडक्यावर टेकवली.
तेल लाल, कोकमाच्या आगळासारखं.
नाकाशी नेलं. करपट वास नाही.
डी-ला टाकली, लगेच पकडली.
आर-ला, लगेच.
स्कॅनर लावला, एकही कोड नाही.
घरभर कण्हणारा माणूस
डॉक्टरसमोर नेमका ठणठणीत, तशी गाडी.

मी फुरसुंगीपर्यंत चालवून आणली.
पहिला, दुसरा, तिसरा, चौथा,
कळतसुद्धा नव्हतं कधी बदलतात.
काका, काहीच नाहीये हो, म्हणाले.
त्यांचा चेहरा पडला.
बिघाड न सापडल्याचं दुःख
मी पुष्कळ गिऱ्हाइकांत पाहिलंय;
आपण खोटे ठरलो, याचं असतं ते.

'चल. मी चालवतो.'

मी शेजारी, स्कॅनर मांडीवर,
मागे तुळशा ॲक्टिव्हावर.
वडकीच्या सरळ रस्त्याला पन्नास, पंचावन्न,
आणि आलं ते.
टॉर्क कन्व्हर्टर: लॉक.
अनलॉक. लॉक. अनलॉक.
आरपीएमचा आकडा वर, खाली,
उचकी लागल्यासारखा.
गिअर मात्र चौथाच. जागचा हललेला नाही.
मग हे कुलूप काढतंय कोण?

बाजूला घेतली. तुळशा खिडकीशी येऊन ओरडला,
ताई, काका सारखा ब्रेक कशाला मारतायत?
मागचे शिव्या घालतायत मला!

मारतोय कुठं, काका म्हणाले,
माझा पाय तर रेसवर होता.
होता. उजवा.
मी वाकून पाहिलं.

डावा.
त्याची चप्पल अंगठ्याखाली झिजून कागद झालेली.
एकतीस वर्षं पीएमटी, स्वारगेट ते हडपसर,
स्टॉपला क्लच, खड्ड्याला क्लच,
मध्येच म्हैस आली की क्लच.
रिटायर झाले तेव्हा काकांना शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ;
या पायाला कुणी काही सांगितलंच नाही.
तो आपला ड्युटीवर.
क्लच शोधत येतो, क्लच नसतो,
मग सापडेल त्या पेडलवर
जरासा टेकतो,
डेपोत उगीच जाऊन बसणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.
गाडी थांबेल इतका नाही,
मागचा दिवा लागेल एवढाच.
दिवा लागला की मशीनला वाटतं, थांबायचंय,
ते कुलूप काढतं.
पाय उचलला, पुन्हा लावतं.
शहाणं मशीन. ऐकत होतं बिचारं.

सांगितल्यावर काका बराच वेळ बोलले नाहीत.
समोर दिवे घाटाचा चढ,
एक पाण्याचा टँकर गुरगुरत वर चाललेला,
त्याचे गिअर पडत होते ते आम्हाला इथवर ऐकू येत होते.
'थर्डला घ्यायला पाहिजे त्यानं,' काका म्हणाले.
आणि मग खाली बघून, पायालाच,
'अरे लेका.'

येताना त्यांनी तो मागं ओढून टाच रोवून बसवला.
भेकराईनगरपर्यंत दोनदा सुटला,
दोनदा मी म्हणाले, काका.
तिसऱ्यांदा त्यांनीच मांडीवर चापट मारली.

गॅरेजच्या वहीत रकाने आहेत:
तक्रार, तपासणी, बदललेला पार्ट, मजुरी.
तुळशानं विचारलं, पार्टमध्ये काय लिहू?
काका बाकड्यावर चहा पीत होते,
मुलानं गाडी कशी हट्टानं घेऊन दिली ते सांगत.
खाली फरशीवर डावा पाय
दाबत होता, सोडत होता,
दाबत होता.
रेघ मार, मी म्हणाले.